बोळ्याचं पोट

लाँड्रीत सगळे त्यांना आत्या म्हणायचे, कारण लाँड्रीचा मॅनेजर त्यांच्या भावाचा मुलगा होता आणि तो त्यांना आत्या म्हणायचा. त्याचं ऐकून गाडीच्या ड्रायव्हरने सुरुवात केली, मग इस्त्रीवाल्या बायकांनी, मग पोती उतरवणाऱ्या हमालांनी. आता त्यांचं खरं नाव विचारलं तर प्रत्येक जण शेजारच्याच्या तोंडाकडे बघेल. आत्यांचं लग्न जमलं नव्हतं, पुढे जमवायचंच राहून गेलं, आणि मुलंबाळं नसताना एवढी भाचरं मिळाली हा व्यवहार त्यांच्या मते काही वाईट नव्हता.

त्यांचं काम मळक्या कपड्यांच्या टेबलावर. हॉटेलांतून, दवाखान्यांतून, एका व्यायामशाळेतून पोती यायची. ती उघडायची, चादरी एकीकडे, टॉवेल दुसरीकडे, डागाळलेलं तिसरीकडे टाकायचं आणि मशीन भरायचं. माणसं हॉटेलात काय काय करतात हे आत्यांइतकं कोणाला ठाऊक नसेल, पण त्याबद्दल त्यांनी कधी कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. शेवटच्या पाण्यात कापड मऊ करणारं, फुलांच्या वासाचं सॉफ्टनर ओतायचं काम मात्र त्या दुसऱ्या कोणाला करू देत नसत. मापाचं एक झाकण ओतून झालं की त्यांचा हात आपोआप आणखी थोडं ओतायचा. भाचा कुरकुर करायचा. त्या म्हणायच्या, "कोणाच्या तरी अंगाला लागायचंय ते. खरखरीत कशाला?" टॉवेल मऊ असतात म्हणून हॉटेलवाले खूश होते, तेव्हा भाचाही फार ताणायचा नाही.

ते पिल्लू अशाच एका हॉटेलच्या पोत्यातून निघालं. आत्यांनी ओल्या टॉवेलांचा ढीग कवेत घेतला आणि त्यांच्या हाताला काहीतरी गरम लागलं. ओल्या टॉवेलांत गरम काही असायचं कारण नाही. त्यांनी ढीग परत टेबलावर टाकला, चाचपलं, मोज्यांचा बोळा असावा तसं काहीतरी हाताला आलं आणि त्या बोळ्याने तोंड उघडलं. आवाज काही निघाला नाही, नुसतंच गुलाबी तोंड. आत्या त्या वेळी कोणाशी बोलत असत्या तर ते पिल्लू मशीनमध्ये गेलं असतं, हे मनात येऊन त्यांनी उरलेला ढीग एकेक टॉवेल करून झटकून पाहिला. हॉटेलला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडे मांजरं नसतात. जणू काही कोणी त्याच्या खानदानाविषयी विचारलं होतं.

"आत्या, इथे नको हं," भाचा म्हणाला.

म्हणून ते घरी आलं, एका टॉवेलात गुंडाळून. नाव बोळ्याच राहिलं.

घर धाकटीचं होतं. धाकटी म्हणजे आत्यांची बहीण. तिचा नवरा वारला तेव्हा आत्या सोबतीला म्हणून एक ट्रंक घेऊन चार दिवसांसाठी आल्या होत्या, आणि ते चार दिवस अजून संपले नव्हते. धाकटी बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगून सांगून ती अशी विटलेली असायची, की घरी आल्यावर तिला कोणी काही विचारलेलं खपत नसे. विचारायचा हक्क तेवढा तिचा.

"हे काय आणलंस?"

"पिल्लू आहे."

"ते दिसतंय. परत कधी नेणार?"

"जरा मोठं झालं की."

"ताई, तूसुद्धा चार दिवसांसाठीच आली होतीस."

आत्यांनी बशीत दूध ओतलं. मांजर म्हणजे दूध, हे त्या जन्मापासून ऐकत आल्या होत्या. बोळ्याने बशी चाटून पुसून लख्ख केली, आणि त्यानंतर त्याच्या पोटाने जो काही इंगा दाखवला, तो सकाळी स्वयंपाकघराच्या दारापासून आत्यांच्या चपलेपर्यंत पसरलेला होता.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या आणि सदान्‌कदा घाईत असायच्या, पण हात हलका होता. त्यांनी गाईचं दूध बंद केलं. पिल्लांच्या दुधाची पावडर दिली, जंतांचं औषध दिलं. जुलाब थोडे कमी झाले, आणि पुन्हा सुरू झाले. मग उकडलेली कोंबडी, नुसती, मीठ न घालता, बोटाने कुस्करून. पुन्हा तेच. मग काडेपेटीत नमुना घेऊन तपासणी. त्यात काही सापडलं नाही. मग पोटातले चांगले जंतू वाढवायची पूड. मग मीठ-साखरेचं पाणी, ड्रॉपरने, थेंब थेंब. प्रत्येक नव्या उपायाला बोळ्या दिवसभर असा काही शहाण्यासारखा वागायचा, की आत्यांना वाटायचं सुटलो. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

दोष त्याचा नव्हता. तो बिचारा जुलाब झाला की स्वतःच दचकायचा आणि लांब जाऊन बसायचा, दुसऱ्याच कोणीतरी केलंय अशा चेहऱ्याने. शेपटीखालचे केस चिकटून जायचे. ते कोमट पाण्याने धुवायचे, टिपायचे, तिथली कातडी लालबुंद झालेली असायची, तिथे तेलाचं बोट लावायचं. मग त्याचा झोपायचा खोका साफ करायचा, खालचा टॉवेल बदलायचा, फरशी पुसायची, हात धुवायचे. तोवर पुन्हा. दिवसभर जगाची घाण आणि घरी आलं की बोळ्याची, असं आत्यांचं आयुष्य होऊन बसलं. त्यांचे गुडघे आधीच कुरकुरत होते, आता ते बोलायला लागले. भाजी चिरता चिरता त्यांना डुलकी लागायची. लाँड्रीत पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी चौकशी केली, कोणी दही द्या म्हणालं, कोणी नका देऊ म्हणालं. पुढे विचारायचं बंद झालं. रोज मरे त्याला कोण रडे.

एकदा, खोक्यापाशी उकिडव्या बसलेल्या असताना, मरून गेलं तर सुटेल एकदाचं, असं आत्यांच्या मनात आलं. ते तर सुटेलच, आपणही सुटू. मग बोळ्याने त्यांच्या अंगठ्याला डोकं घासलं, आणि त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं. थकलेल्या माणसाच्या मनात काय येईल त्याचा भरवसा नसतो. आत्यांना हे कोणी सांगायला हवं होतं, पण सांगायला तिथे कोणी नव्हतं.

टॉवेलांची तेवढी ददात नव्हती. हॉटेलांनी बाद केलेले, कडा उसवलेले टॉवेल लाँड्रीत पडून असायचे. आत्या त्यांचा गठ्ठा घरी आणायच्या, घाण झालेले वेगळ्या पिशवीत परत न्यायच्या आणि सगळ्यात शेवटी, वेगळे, कढत पाण्यात धुवायच्या. त्यांना सॉफ्टनर नेहमीपेक्षाही जास्त. एवढंसं अंग, त्यात कातडी सोललेली. त्याला काय खरखरीत टॉवेल द्यायचा? घरचं बाकीचं कापडही लाँड्रीतच धुतलं जायचं, भाच्याने तेवढी सवलत दिली होती. धाकटीच्या घरात पायपुसण्यापासून पडद्यापर्यंत सगळं मऊ होतं आणि सगळ्याला फुलांचा वास यायचा. या रामरगाड्यात आत्यांना स्वतःविषयी बरं वाटावं अशी एवढीच एक गोष्ट होती. बाकी काही जमो न जमो, त्याचं अंथरूण तरी स्वच्छ आहे.

धाकटीने कडेलोट होईपर्यंत बरंच सोसलं, हे मान्य करायला हवं. मग एके दिवशी बोळ्याने तिच्या कामावरच्या बुटात कार्यभाग उरकला. घाईत तिला कळलं नाही. कळलं ते खिडकीत बसल्यावर, समोर प्रवाशांची रांग असताना. एक गृहस्थ म्हणाले, बाई, काहीतरी मेलंय वाटतं आत. धाकटीने त्यांना गाडीची वेळ सांगितली, पुढच्याला सांगितली, त्याच्या पुढच्याला सांगितली, आणि संध्याकाळी एका हातात बूट घेऊन, पायात दुसऱ्या कोणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला घालून ती घरी आली.

"रविवारपर्यंत," ती म्हणाली. "नाहीतर प्राण्यांच्या आश्रमात द्यायचं. मी फोन करून ठेवलाय. घेतात ते."

आत्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आश्रमातली माणसं चांगली आहेत, पण जनावरं फार झालीत, रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. असं अशक्त पिल्लू तिथे टिकणं अवघड आहे.

आत्यांनी हे जसंच्या तसं धाकटीला सांगितलं. धाकटी शेगडी पुसत होती. ती पुसलेलीच जागा पुन्हा पुसत राहिली.

"मी दुष्ट आहे का?" तिने विचारलं.

"नाही गं."

"मग मला तसं वाटेल असं बोलू नकोस. माझी पण काही सहनशक्ती आहे. हे घर आहे की इस्पितळ?"

शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, थोडे दिवस इथे ठेवा, मी सलाईन लावते आणि नजरेखाली ठेवते. म्हणून बोळ्या तिकडे गेला आणि रविवार पुढे ढकलला गेला. घर एकदम मोकळं झालं. आत्या पहिल्या दिवशी संध्याकाळीच झोपून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या खोक्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि धाकटीने विचारलं, "काय, फोन केलास का तिकडे?"

तिकडून जे कळलं ते नवल होतं. बोळ्याचे जुलाब थांबले होते. पिंजऱ्यात वर्तमानपत्रावर बसून तो वाटी चाटत होता, आणि डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत सांगायचं तर, अगदी बांधीव शी करत होता. आत्या त्याला आणायला गेल्या तेव्हा त्याचं पोट ताठ गोल दिसत होतं. त्यांनी आनंदाने खोक्यात ठेवणीतले टॉवेल घातले, अजून बाद न झालेले, हॉटेलच्या नावाचे. असं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं.

एक दिवस नीट गेला. त्यानंतर पुन्हा खोका, फरशी, फडकं, कोमट पाणी.

"म्हणजे घरातच काहीतरी आहे," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. आत्यांनी ते धाकटीच्या कानावर घातलं आणि पस्तावल्या.

"माझ्या घरात? माझ्या घरात विष आहे काय? मी इतकी वर्षं खातेपिते इथे, मला नाही कधी झालं काही."

पण वाटेल ते बोलून झाल्यावर खिडकीतल्या झाडाची कुंडी तिनेच उचलून जिन्यात ठेवली. फरशी पुसायचं औषध बंद केलं. बोळ्याची प्लास्टिकची वाटी जाऊन तिची स्वतःची स्टीलची वाटी आली. पाणी उकळून गार करून ठेवलं. साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार होता सगळा, पण दोघी मिळून धोपटत होत्या, तेवढंच आत्यांना बरं वाटलं. कुठल्याही उपायाने तसूभर फरक पडला नाही.

बोळ्याला दिवसाकाठी एकच सुख होतं. खाणं झालं की तो टॉवेलाचा कोपरा शोधायचा, पुढच्या दोन पायांनी तो मळायचा, आणि मग डोळे मिटून चोखत बसायचा. त्या वेळी त्याच्या अंगातून जी घुरघुर निघायची ती एवढ्याशा देहाला शोभणारी नव्हती. कोपरा ओलाचिंब व्हायचा. आईला शोधतोय, आत्यांना वाटायचं, आणि मग त्यांची दिवसभराची शिणलेली कंबर जरा सैल व्हायची. काही नाही तरी एवढं तरी आपण त्याला देतोय. ओला झालेला टॉवेल काढून त्या दुसरा कोरडा, ताजा, वासाचा घालायच्या. धाकटीही दारातून बघून जायची. बघत नाही असं दाखवत.

मग बोळ्याने खाणं सोडलं. डॉक्टरीणबाईंनी आत्यांना शिकवून ठेवलं होतं, की मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती पटकन खाली बसायला हवी. रेंगाळली तर अंगातलं पाणी आटलंय असं समजा. आत्यांनी चिमटी सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, नीट न केलेल्या इस्त्रीसारखी, आणि सावकाश खाली बसली. बोळ्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

त्यांनी भाच्याला फोन केला, आज येत नाही म्हणून. कारण विचारलं तर तेही सांगितलं. भाचा म्हणाला, "आत्या, जा तुम्ही."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टॉवेल उलगडला, बोळ्याला बाहेर काढलं, पाठीच्या कातडीखाली सुईने पाणी सोडलं. तो ओरडलासुद्धा नाही. त्याला परत ठेवताना त्यांनी टॉवेल उचलला, तो ओला कोपरा बघितला, आणि नाकाशी नेला.

"छान वास येतोय. हा कशात धुता, मावशी?"

आत्यांनी सांगितलं. सांगताना आवाजात थोडा अभिमानही आला असेल, सवयीने येतोच.

"सॉफ्टनर किती घालता?"

"याच्यासाठी जरा जास्तच. कातडी सोललीय ना त्याची."

"आणि हा कोपरा ओला कशाने झाला?"

"चोखतो तो. आई समजून."

डॉक्टरीणबाई टेबलाला टेकल्या. घाई त्यांच्या चेहऱ्यावरून पार गेली होती. "मीच विचारायला हवं होतं हे," त्या म्हणाल्या. "काय खातो, काय खातो, एवढंच विचारत बसले. मावशी, सॉफ्टनर धुऊन जात नाही. कापडात राहतं, म्हणून तर कापड मऊ लागतं. आपल्या अंगाला त्याचं काही होत नाही. मांजरांना ते पोटात गेलं की बाधतं. हा रोज ते चोखतोय. इथे वर्तमानपत्रावर होता, म्हणून बरा झाला."

"पण मी तर दर वेळेला ताजा टॉवेल..."

आत्या तिथेच थांबल्या. दर वेळेला ताजा, दर वेळेला जास्त मऊ. त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी स्वतःचे तळहात नाकाशी नेले. तोच वास होता, तिथे मुरलेला. करायला गेलो काय आणि होऊन बसलं काय. जगात त्यांना एकच गोष्ट नीट येत होती असं त्या समजत होत्या, आणि त्याच गोष्टीने त्या जिवाला हळूहळू मारत होत्या, प्रेमाने, रोज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत असणार. ते खरं होतं, पण त्याने आत्यांचं समाधान काही झालं नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की खोक्यात वर्तमानपत्रच घाला, पण याला चोखायची सवय आहे, काहीतरी लागेल. जुनं सुती कापड द्या, ज्याला हे लागलेलं नाही असं. नाहीतर तो कागद चोखेल, नाहीतर स्वतःचं पोट.

घरी येऊन आत्यांनी कपाट उघडलं, तेव्हा त्यांना कळलं की त्या घरात असं कापड नाही. चादरी, उशांचे अभ्रे, फडकी, धाकटीचे कपडे, त्यांचे स्वतःचे कपडे, सगळं लाँड्रीतून आलेलं. सगळं फुलांचं. बाजारातून नवं आणावं तर नव्या कापडाला खळ असते, रंग असतो. ती निघायला चार धुणी लागतात, हे त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत. साध्या पाण्यात एखादं फडकं धूत बसल्या असत्या, तर सॉफ्टनर कितव्या पाण्याला निघेल याची खात्री त्यांना देता येईना. आजवर त्यांनी तो वास घालायचाच प्रयत्न केला होता, काढायचा नव्हे.

खोक्यात बोळ्या वर्तमानपत्रावर गोल गोल फिरत होता. कोपरा शोधत होता. त्याने कागदाची कड तोंडात धरली, सोडली, मग स्वतःच्या मागच्या पायाची कातडी धरली आणि चोखायला लागला. मधेच तोंड उघडायचा. पहिल्या दिवशी जसा आवाज निघाला नव्हता, तसाच आताही निघत नव्हता. आत्या जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांना उठायची ताकद नव्हती. टॉवेल हाताशीच होता. द्यावा का थोडा वेळ, नुसता जवळ ठेवायला, असं म्हणेपर्यंत त्यांची मजल गेली.

धाकटी कामावरून आली. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकही प्रश्न न विचारता. मग आतल्या खोलीत गेली. कपाटाचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, ती पुटपुटली, आणि एक शर्ट घेऊन बाहेर आली. पुरुषाचा, चौकड्यांचा, घड्या पडलेला. कॉलरला आतून मळाची रेघ होती.

आत्यांनी तो लगेच ओळखला. धाकटीच्या नवऱ्याचा होता.

"हा कुठे होता?"

"होता."

"मी तर तेव्हा सगळे..."

"हो. तू सगळे धुतलेस." धाकटी खोक्यापाशी बसली. "ते गेले त्याच आठवड्यात. मी बाहेरून आले तर गाठोडं बांधून तू लाँड्रीत नेलं होतंस, आणि संध्याकाळी सगळं घडी करून कपाटात. एकेक कपडा उघडून नाकाला लावला मी. सगळ्याला फुलांचा वास. लोक म्हणाले, बहीण असावी तर अशी."

आत्यांनी हाताशी असलेला टॉवेल दूर सारला.

"तू मायेने केलंस ते कळत होतं मला. म्हणून तर काही बोलता आलं नाही. हा एक दारामागे खिळ्याला होता, तुला दिसला नाही. तो मी लपवला."

"सांगायचंस तरी मला."

"काय सांगू? की माझ्या नवऱ्याचे कपडे मला मळकेच हवे होते?"

आत्यांना आठवलं, त्या दिवसांत धाकटी त्यांच्याशी धड बोलत नव्हती, आणि त्यांनी ते दुःख समजून सोडून दिलं होतं. दुःख होतंच. त्यात आपला वाटा किती होता, हे त्यांना आज कळत होतं, इतक्या वर्षांनी, एका मांजरामुळे. रडावं असं वाटलं, पण रडायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो.

"वास आहे का अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. कधीच गेला. मी उगाच आपली ठेवून होते."

"घाण करेल तो."

"करेलच. पोट बिघडलंय त्याचं." असं म्हणून धाकटीने शर्ट खोक्यात पसरला, बाही वर घेऊन.

बोळ्या आधी मागे सरला. मग आला, हुंगलं, बटणाला नाक लावलं, पुन्हा हुंगलं. पुढचे पाय त्याने छातीच्या खिशावर ठेवले आणि मळायला लागला, अशक्तपणाने, थांबत थांबत. शेवटी त्याला मनगटाची पट्टी सापडली. ती तोंडात धरून तो डोळे मिटून पडून राहिला. घुरघुर यायला बराच वेळ लागला. धाकटी तोवर कामावरचे कपडेही न बदलता तिथेच बसून होती.

पुढे बोळ्या एकदम काही बरा झाला नाही. पोटं अशी एकदम बरी होत नसतात. आधी पाण्याचं गाळासारखं झालं, मग मलमासारखं, मग एके सकाळी धाकटीने हाक मारली, "ताई, बघ, बघ," आणि दोघी वयस्क बायका खोक्यात वाकून एका मांजराची शी डोळे भरून बघत उभ्या राहिल्या. रविवार आला आणि गेला. आश्रमाचं नाव कोणी काढलं नाही. आत्यांचा शीण मात्र कमी होईना. इतके दिवस उसन्या अवसानावर चाललं होतं, ते संपलं होतं. कामावर जायच्या, मुकाट्याने पोती उघडायच्या. सॉफ्टनरचं झाकण हातात आलं की थबकायच्या, मापाचं तेवढंच ओतायच्या. भाच्याला वाटलं आपलं ऐकलं.

मग एका सुट्टीच्या दुपारी बोळ्याला खोक्यातल्या कागदापर्यंत पोचायला जरा उशीर झाला, आणि शर्टाचा खालचा कोपरा घाण झाला. आत्या जवळच होत्या. त्यांचा हात सवयीने पुढे गेला, शर्टाला लागला, आणि तिथेच थांबला.

"धाकटे," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे ये."

धाकटी आली. तिने बघितलं. शर्ट उचलून ती नळाशी गेली आणि तोटी सोडली. सगळा शर्ट कोरडा राहावा म्हणून तिने त्याचा वरचा भाग गोळा करून काखेत धरला, आणि तेवढा कोपरा साध्या पाण्याखाली चोळायला लागली. चुकीचं चोळत होती. डाग आतून बाहेर काढायचा असतो, ती बाहेरून आत घालत होती. आत्यांच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. नुसत्या उभ्या राहिल्या, ओले नसलेले हात समोर धरून.

"उभी काय राहिलीस?" धाकटी मागे न बघता म्हणाली. "बस की जरा."

आत्या खुर्ची ओढून बसल्या. नळाचं पाणी वाहत होतं, आणि धाकटी एवढासा कोपरा धूत होती, पिळत होती, उजेडात धरून बघत होती, पुन्हा धूत होती. घरात दुसरं कोणीतरी धुतंय आणि आपण बसलोय, असं याआधी कधी झालं होतं, ते आत्यांना आठवेना. त्यांनी पाय लांब केले.